पोचवल्याची वेळ

तुम्ही दोघं फोन केलात की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आजी, जेवलीस का?" आणि मी क्षणभर गप्प होते. मागच्या रविवारी रेवाने विचारलंसुद्धा की लाइनमध्ये अडचण आहे का. लाइन चांगली होती. माझं उत्तर तिथे अडकतं, त्याला कारण एक माणूस आहे. त्याच्याबद्दल लिहून ठेवते, कारण फोनवर हे मला सांगता येणार नाही.

मला सगळं क्रमाने मांडायची सवय आहे, हे तुम्हाला माझ्या कपाटावरून ठाऊक आहे. पण हा माणूस क्रमाने आठवत नाही. आधी त्याची बोटं आठवतात.

आमच्या जामसंड्यात त्यांना सगळे तारमास्तर म्हणत. नाव होतं, पण ते फक्त पेन्शनच्या कागदावर असावं. पोस्टात तारेच्या यंत्रासमोर त्यांनी सगळी नोकरी काढली. कट्ट-कडकट्ट ऐकायचं आणि कागदावर उतरवायचं. निवृत्त झाल्यावरही उजव्या हाताची दोन बोटं टेबलावर, गुडघ्यावर, देवळाच्या कठड्यावर वाजत राहायची. आणि डाव्या हाताची बोटं मोजायची. बोलताना प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं, तारेत शब्दागणिक पैसे पडत तसं. दोनदा मूठ मिटली की वाक्य संपलं, मग सांगायचं राहिलं असलं तरी. एकदा बाजारात नारळवाल्याशी भांडताना नेमकं अपमानाच्या शब्दावर त्यांचं दहावं बोट मिटलं. ते तसेच थांबले, मान हलवली आणि घरी आले. नारळवाला दुपारपर्यंत लोकांना विचारत होता, "तो माका शेवटी म्हणालो काय?"

राहायचे आमच्या मागच्या आळीत, विधवा बहिणीबरोबर. लग्न केलं नव्हतं.

तार वाटायला शिपाई होता. पण तार मरणाची असली की मास्तर स्वतः निघत. त्यांची एक पद्धत होती. दारात जायचं, चप्पल काढायची, आणि विचारायचं, "जेवलंस काय रे?" समोरचा नाही म्हणाला तर पायरीवर बसून राहायचं, त्याचं जेवण होईपर्यंत. हो म्हणाला तरच खिशातून कागद काढायचा. एकदा तार हातात पडली की त्या घरात पुढे किती वेळ चूल पेटणार नाही हे त्यांना माहीत होतं. माणसाच्या पोटात चार घास असावेत, एवढाच हिशेब. गाव त्यांना त्यासाठी फार मानत असे.

अर्थात त्यामुळे मास्तरांनी साधं "जेवलंस काय" विचारायचीही सोय उरली नव्हती. एका लग्नात पंगतीशेजारून जाताना त्यांनी सहज एका बागायतदाराला विचारलं. तो माणूस मटकन खाली बसला. त्याचा भाऊ बोटीवर होता. मास्तरांनी दोन्ही हात वर करून दाखवले, खिसे उलटे करून दाखवले, तेव्हा त्याच्या तोंडाला रंग आला. वरून शिव्या घातल्या त्या वेगळ्या.

आता कॉम्प्युटरकडे येते, म्हणजे ईशानचा जीव शांत होईल.

तुमच्या बाबांनी तो पाठवला, तेव्हा तुमचे आजोबा जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात मी आणि सासूबाई, म्हणजे तुमची पणजी. त्या अंथरुणाला खिळलेल्या, पण कान शाबूत. कॉम्प्युटर ठेवला त्यांच्या खोलीच्या दाराबाहेर, माझ्या शिलाई मशीनच्या टेबलावर, कारण टेलिफोन तिथे होता. मे महिन्याच्या सुट्टीत, रेवा, तू आलीस आणि तूच मला ते पान दाखवलंस. आठवतं? एका परदेशी सर्च इंजिनाचं पान होतं. जगात त्या घटकेला कोण काय शोधतंय, ते जसंच्या तसं ओळीखाली ओळ दिसायचं. नाव नाही, गाव नाही. थोड्या वेळाने त्या ओळी जायच्या आणि दुसऱ्या यायच्या. तू पाच मिनिटं हसलीस आणि आंबे खायला निघून गेलीस.

मास्तर त्या दिवशी सासूबाईंची चौकशी करायला आले होते. मोडेमची ती किंचाळी, खरखर चालू होती. ते दारात थांबले, कान पुढे केला.

"हेंका आमचीच भाषा येता," ते म्हणाले.

मग पडद्यासमोर उभे राहिले. उजवी बोटं टेबलावर वाजायला लागली. तासाभराने मी सांगितलं की फोन अडून राहिलाय, तेव्हा भानावर आले आणि विचारलं, "ह्यो सगळ्यो तारो. पोचवता कोण?"

मी म्हटलं, "कोणी नाही. त्या तारा नव्हेत मास्तर. लोक मशीनला विचारतात, मशीन उत्तर देतं."

"मशीन," ते म्हणाले, आणि बोट मिटलं.

दुसऱ्या दिवसापासून रोज चार वाजता. रेडिओवर मिळवलेलं घड्याळ, इस्त्रीचा सदरा, बगलेत जुन्या तारेच्या फॉर्मांचं पॅड. खुर्चीत ताठ बसत, ड्यूटीवर बसावं तसे. वीज गेली तर हातपंख्याने वारा घेत वाट बघत. त्यांचं इंग्रजी तारेपुरतं होतं, म्हणून शेजारी मी बसायचं आणि ओळी मराठीत सांगायच्या. माझी बहीण कणकवलीहून तक्रार करी की चार ते पाच तुझा फोन नेहमी गुंतलेला असतो, तू करतेस काय? काय करते ते मलाही नीट सांगता येत नसे.

मी वाचायची, "दातदुखीवर घरचा उपाय."

"लवंग दाबून धर गो बाये." मास्तर पडद्याला सांगत.

"कुत्रा गवत का खातो."

"पोट बिघडला तेचा."

"बर्फात गाडी सुरू होत नाही."

यावर ते जरा थांबले. बर्फ त्यांनी मासळीच्या खोक्यात पाहिला होता तेवढाच. मग म्हणाले, "चार जणांक बोलव. धक्को मार."

"मुलीला पहिल्यांदा भेटताना काय बोलावं."

"थोडक्यात बोल."

मी हसले की ते हसत नसत. उलट डोळे मोठे करून बघत. लोकांची तार वाचून हसायचं नाही, हा त्यांचा कायदा. कधी कधी ओळी नको तसल्या येत. तेव्हा ते मान भिंतीकडे वळवून म्हणत, "ही खासगी. जाऊ दे." शेजारची कमल रोज विचारी, "मास्तरांनू, आज काय बघितलास?" तिला एक अक्षर मिळालं नाही. "तार वाचूची. ध्यानात ठेवची नाय," एवढंच ते तिला सांगत.

स्वतः मात्र ते ठेवत होते. एखादी ओळ घाईची वाटली की ती पॅडवर उतरवून घेत, वर घड्याळ बघून वेळ टाकत. लिहून होईस्तोवर ओळ पडद्यावरून गेलेली असे. मग खालची जागा कोरी ठेवून पान उलटत. मी एकदा विचारलं की हे कशाला. ते म्हणाले, "इलेली तार लिवची. पोचली नाय तरी."

आतून सासूबाईंचा आवाज येई. "मास्तरांनू, आज काय म्हणता जग?"

"बरा आसा, आये."

"माझ्या बाळाची तार तुमी आणलास," त्या सुरू करत. रोज नाही, पण आठवड्यातून एकदा तरी. "गणपती पोचवन झाल्यार आणलास. देवान माका तेवढा तरी करूक दिल्यान."

मास्तरांची टेबलावरची बोटं थांबत. मी पुढची ओळ वाचत असे, जरा मोठ्याने.

ही बाळाची गोष्ट तुम्हाला कुणी सांगितलेली नाही. तो तुमच्या आजोबांचा धाकटा भाऊ. मुंबईत एका छापखान्यात होता. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा माझ्याशी इंग्रजीत बोलणारा तो एकटाच. वहिनी म्हणायचा नाही, मॅडम म्हणायचा. गावी येताना माझ्यासाठी छापखान्यातली वाया गेलेली पानं घेऊन यायचा, एका बाजूने कोरी. त्यावर मी शाळेतल्या मुलांच्या परीक्षेचे प्रश्न काढायची. त्या वर्षी चतुर्थीला तो आला नाही. बरं नाही, पुढच्या महिन्यात येतो, असं पत्र होतं.

आमचा गणपती दीड दिवसाचा. चतुर्थीच्या सकाळी मूर्ती आली, वर माटवीच्या लाकडी चौकटीला काकड्या, नारळ, कवंडळाची फळं बांधून झाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विसर्जन करून माणसं ओल्या पायांनी परत येत होती, सासूबाई रिकामा पाट उचलत होत्या, तेव्हा मास्तर दारात आले. "जेवलास काय?" तार बाळाच्या मित्राची होती. बाळ इस्पितळात आहे, प्रकृती गंभीर, ताबडतोब निघा.

अशा तारेचा अर्थ तेव्हा सगळ्यांना पाठ होता. मेला असं तारेत कुणी लिहीत नसे. गंभीर लिहीत, म्हणजे घरची माणसं निदान प्रवास तरी करू शकतील. त्या तारेने निघालेला माणूस पोचायचा तो स्मशानातच. सासूबाईंनी तिथेच भिंतीला डोकं लावलं. तुमचे आजोबा मिळेल त्या एस्टीने निघाले.

ते वॉर्डात पोचले तेव्हा बाळाला जाऊन तीन तास झाले होते. तारेतलं खरं होतं. तो गंभीर होता, जिवंत होता. शेजारच्या खाटेवरचा माणूस म्हणाला, दोन दिवस दाराकडे बघत होता, आई येईल म्हणत होता.

आजोबा परत आले आणि अंगणात उभ्याउभ्याच हे त्यांनी सांगितलं. अंगणात गाव होता. मास्तर माडाच्या बुंध्याशी उभे होते. ऐकलं आणि निघून गेले.

सुतकाचे दिवस संपल्यावर मी कागद लावायला बसले. तारेचा फॉर्म हातात आला. त्यावर आल्याची तारीख आणि वेळ होती, मास्तरांच्या गोल अक्षरात. चतुर्थीची. सकाळी अकरा चाळीस.

मी पुन्हा वाचलं. तार चतुर्थीच्या सकाळी आली होती. आमच्या हातात पडली दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळी.

मला कोडं पडलं नाही, मी इथलीच झाले होते. लांबच्या मरणाचं सुतक ऐकल्यापासून लागतं. कळलं नाही तर लागलं नाही. मास्तरांनी तार वाचली आणि इतक्या वर्षांच्या सवयीने ठरवलं की मुलगा गेला. मग त्या बाईचा देव पाटावर असताना कशाला सांगा? गेलेला माणूस कुठे जात नाही. उद्या संध्याकाळी सांगू. लोकांना जेवू देत होते, तसं त्यांनी आम्हाला गणपती होऊ दिला. आणि वेळ मात्र खरी लिहिली. खोटी लिहिता आली असती. ते त्यांच्या हाताला जमलं नसावं.

मी फॉर्म तुमच्या आजोबांना दाखवला. त्यांनी बराच वेळ वाचला. मग घडी करून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "आयेक कळाक नको. आणि आपल्याक कळला ता मास्तराकव कळाक नको." त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. फॉर्म माझ्या फायलीत राहिला.

त्यानंतर मास्तर बदलले. तार आली की त्याच पावली निघत. पंगतीत, न्हाणीत, लग्नाच्या मांडवात, जिथे असेल तिथे उभ्याने कागद हातात देत आणि वळत. "जेवलंस काय" हा प्रश्न त्यांच्या तोंडातून गेला तो गेलाच. लोक म्हणाले, मास्तराचं डोकं फिरलं, मास्तर दगड झाला. एका बाईने हातातल्या घासासकट त्यांना शाप दिला. आम्ही दोघं ऐकत होतो आणि गप्प होतो.

आणि हाच माणूस वीस-बावीस वर्षांनी रोज चार वाजता माझ्या शेजारी येऊन बसत होता. मला कळत होतं की तो नुसतं पडद्यासाठी येत नाही. खुर्चीतून उठताना दाराच्या चौकटीला हात लावून थांबायचा. तोंड उघडायचा. आत सासूबाई खोकायच्या. मग तो चप्पल शोधायचा.

एका दुपारची गोष्ट. पडद्यावर एक ओळ आली. मरणाला टेकलेल्या आईशी काय बोलावं, असं कुणीतरी विचारलं होतं. आत सासूबाई जाग्या होत्या. मी पटकन म्हटलं, "काही नाही, केकची कृती विचारलीय कुणीतरी."

मास्तर पडद्याकडेच बघत होते. "मदर शब्द माका येता, बाई."

मी आतल्या दाराकडे बघितलं.

"डाइंग पण येता." बोटं मिटत होती. "तार दाबून ठेवची नसता, बाई."

ओळ गेली. दुसऱ्या आल्या. त्यांनी ती पॅडवर लिहिली, वर वेळ टाकली, आणि पेन हातात धरून खालच्या कोऱ्या जागेकडे बघत बसले. बाकी सगळ्यांना त्यांच्याकडे उत्तर होतं, लवंग होती, धक्का होता. इथे त्यांनी पेनाला टोपण लावलं. मी त्या वेळी बोलायला हवं होतं. हळू आवाजात, पाच-सहा शब्दांत झालं असतं. मास्तर, आम्हाला माहीत आहे. पण आत जाग होती, हे मी कारण धरलं.

सासूबाई मार्गशीर्षात गेल्या, त्याच समजुतीवर, की देवाने तेवढं करू दिलं. तेरावा झाला, तुमचे बाबा परत गेले. नंतर चार दिवसांनी मी पडवीत तांदूळ निवडत बसले होते, तेव्हा फाटक वाजलं. मास्तर. चारला अवकाश होता. हातात पॅड नव्हतं. अंगात पोस्टातला जुना कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. पायरीशी त्यांनी चप्पल काढली. उजवा हात कोटाच्या खिशात होता, पण खिशात काही नव्हतं, ते दिसत होतं.

"जेवलास काय, बाई?"

इतक्या वर्षांनी तो प्रश्न ऐकला आणि माझ्या हातातलं सूप थांबलं. त्यांचा चेहरा मी पाहिला. आता आत कुणी खोकणारं नव्हतं.

तुम्हाला मी खरं सांगणार आहे, म्हणून हे लिहिते. मला भीती वाटली. त्यांनी सांगितलं असतं की मला उत्तर द्यावं लागलं असतं. मास्तर, झालं गेलं, आमच्या मनात काही नाही, असं म्हणावं लागलं असतं. आणि ते खरं आहे की नाही हे मला माहीत नव्हतं. त्यांच्या शेजारी बसून मी कुत्र्याच्या गवताला हसत होते, पण मॅडम म्हणणारा तो मुलगा दोन दिवस दाराकडे बघत होता, हेही मी विसरले नव्हते. दोन्ही एकाच मनात होतं.

मी म्हटलं, "नाही हो मास्तर. अजून नाही."

त्यांनी मान हलवली. त्यात निराशा दिसली नाही, उलट काम समजल्यासारखी हलवली. नियम त्यांचाच होता. पूर्वी असते तर पायरीवर बसून राहिले असते. मला वाटतं, त्या घराच्या पायरीवर वाट बघत बसणं त्यांना जमलं नाही.

"मगे जेवन घेवा. मी मागीर येतंय."

चपला घालून गेले. दुसऱ्या दिवशी चार वाजता आले, पॅड घेऊन, नेहमीसारखे. त्यानंतरही पाच-सहा दिवस आले. मी ओळी वाचत राहिले, ते लिहीत राहिले. रोज उठताना मी ठरवत असे की आज आपणच काढू. रोज ते चौकटीला हात न लावताच जात.

मग एका सकाळी त्यांची बहीण फाटकात येऊन उभी राहिली. "बाई, दादा उठणा नाय," म्हणाली. मी गेले. ते अंथरुणात होते, उजवा हात छातीवर. बोटं स्थिर होती. ती इतकी स्थिर मी पहिल्यांदाच पाहिली.

दिवसकार्य झाल्यावर बहिणीने एक पिशवी आणून दिली. "तुमच्या मशीनचा कायतरी आसा. माका वाचूक येणा नाय." आत पॅडं होती, अकरा. मी दोन संध्याकाळ बसून सगळी वाचली. माझ्याच तोंडून ऐकलेल्या ओळी, त्यांच्या गोल अक्षरात. घर सोडून गेलेल्या मुलाला कसं शोधावं. नवरा बोलत नाही. बाळ रडायचं थांबत नाही. लहानपणीचा मित्र जिवंत आहे का. प्रत्येकीवर आल्याची वेळ. खाली त्यांनी स्वतः रेघ मारून एक जागा केली होती आणि तिथे लिहिलं होतं, पोचवल्याची वेळ. अकराही पॅडांत ती कोरी होती.

काही महिने मी एकटी चार वाजता ते पान उघडत राहिले. मोठ्याने वाचायची सवय गेली नाही. मग एक दिवस ते उघडलंच नाही. कंपनीने बंद केलं असेल.

पॅडं माझ्या कपाटात खालच्या खणात आहेत, बाळाच्या तारेच्या फायलीखाली. दोन्ही तुमची.

आणि आता तुम्ही फोनवर विचाराल तेव्हा मी का थांबते ते तुम्हाला कळेल. त्या दिवशी मास्तर आले तेव्हा दोन वाजून गेले होते. आमटी-भात झाला होता, चूल सारवली होती, ताट घासून पालथं घातलं होतं. मी जेवले होते.